सरांची शिट्टी

फुटबॉलच्या प्रशिक्षकाचं आपल्या डोक्यातलं चित्र बहुतेक सिनेमातून आलेलं असतं. मोठी मॅच, बंद खोली, मान खाली घातलेले खेळाडू, आणि मधोमध उभा राहून बोलणारा एक माणूस. 'चक दे! इंडिया' २००७ साली आला. त्यातलं 'सत्तर मिनिट'वालं भाषण हॉकीच्या संघापुढचं असलं तरी शाळेच्या कुठल्याही खेळाच्या सरांनी ते एकदा तरी आपल्या पोरांसमोर चालवून पाहिलेलं असतं. पोरं टाळ्या वाजवतात, घोषणा देतात, मैदानात धावत जातात आणि पाचव्या मिनिटाला गोल खातात.

बुऱ्हाणपूरसारख्या गावात तर तशी खोलीही नसते. शाळेचं मैदान, कडेला लिंबाचं झाड, त्याखाली ठेवलेली दप्तरं आणि पाण्याचा जार. तापीकाठचं हे गाव २००३पासून मध्य प्रदेशातला स्वतंत्र जिल्हा आहे, पण महाराष्ट्रातलं रावेर इथून हाकेच्या अंतरावर. घरी मराठी किंवा निमाडी, मोहल्ल्यात उर्दू, वर्गात हिंदी, आणि चेंडू कुणाच्या पायात गेला की सगळ्यांची मिळून एकच बोली: 'दे, दे, इधर दे!' कुणाच्या घरी पॉवरलूम, कुणाच्या घरी केळीची बाग, कुणाचे वडील बाजारात दुकान लावणारे. नववी ते बारावीची ही पोरं संध्याकाळी पाचला जमतात. अंधार पडेपर्यंत जो दीड तास मिळतो, तोही क्रिकेटवाल्यांशी मैदान वाटून घेऊन. त्यांचे सर खेळाचे शिक्षक असतात खरे, पण निवडणूक आली की ते मतदान केंद्रावर असतात आणि परीक्षा आली की पर्यवेक्षणावर.

या दीड तासात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना खेळासाठी पेटवायचं कसं, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. मला तो उलटा विचारावासा वाटतो. दिवसभर वर्गात बसून, घरचं काम उरकून, भर उन्हाळ्यातसुद्धा जो पोरगा आपणहून मैदानावर येतो, त्याला आणखी काय पेटवायचं? त्याची इच्छा त्याच्यासोबतच आलेली असते. शोधायचं ते हे, की सहा महिन्यांनी ती विझते कशाने? या प्रश्नावर गेल्या पन्नास वर्षांत बरंच काम झालंय, आणि त्यातलं बरंचसं आपल्या मैदानांवर अजून पोचलेलं नाही.

सुरुवात एका बास्केटबॉल प्रशिक्षकापासून करू. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाचे जॉन वूडन यांनी १२ वर्षांत १० राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. १९७४-७५च्या त्यांच्या शेवटच्या हंगामात रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ सरावाच्या वेळी कडेला बसले आणि वूडन तोंडाने जे काही बोलतात त्याची नोंद करत गेले. एकूण २,३२६ नोंदी झाल्या. एवढा मोठा माणूस म्हणजे सतत स्फूर्ती देत असणार, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात शाबासकी ७ टक्क्यांहून कमी निघाली, नाराजीही जवळपास तेवढीच. तीन चतुर्थांश बोलणं म्हणजे निव्वळ माहिती होती: पाय इथे ठेव, पास छातीच्या उंचीवर, आधी बघ मग वळ. वाक्यं तोकडी, भाषण जवळजवळ नाहीच. एखाद्याचं चुकलं की ते बरोबर कसं करायचं ते करून दाखवत, मग तो कसं करतोय ते दाखवत, मग पुन्हा बरोबर कसं ते. हे सगळं पाचेक सेकंदांत, आणि खेळ पुढे सुरू.

आता आपल्या एखाद्या मैदानाच्या कडेला उभं राहून ऐका. 'अरे काय करतोस!', 'डोकं कुठे आहे तुझं?', 'जोर लगाओ!', 'शाबास, शाबास!' कानावर पडणाऱ्या आवाजात माहिती किती असते? 'जोर लाव' म्हटल्याने पोराला काय वेगळं करायचं ते कळत नाही. 'चेंडू येण्याआधी एकदा खांद्यावरून मागे बघ' म्हटलं तर कळतं. आणि ते त्याला जमलं की जो हुरूप येतो तो कुठल्याही घोषणेने येत नाही. फुटबॉलमध्ये ही मागे बघायची सवय फार मोलाची असते, कारण चेंडू पायाशी आल्यावर विचार करायला वेळच उरलेला नसतो.

वूडन यांच्यापुढे कॉलेजचे निवडक खेळाडू होते. शाळकरी मुलांच्या बाबतीत अधिक उपयोगी काम वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांचं. सत्तरच्या दशकात त्यांनी मुलांच्या बेसबॉल संघांचे प्रशिक्षक मैदानावर कसे वागतात ते टिपलं, मग मुलांना विचारलं, मग प्रशिक्षकांनाही विचारलं. मुलांनी जे सांगितलं ते प्रत्यक्ष नोंदींशी बरंच जुळत होतं. प्रशिक्षकांनी स्वतःबद्दल जे सांगितलं ते फारसं जुळत नव्हतं. 'मी पोरांना खूप प्रोत्साहन देतो' असं मानणाऱ्याच्या तोंडून दिवसभरात प्रोत्साहन किती बाहेर पडतं, ते त्याला ठाऊकच नव्हतं. हा निष्कर्ष वाचला की प्रत्येक शिक्षकाला थोडं अवघडायला होतं.

या दोघांनी पुढे प्रशिक्षकांसाठी काही तासांचं शिबिर तयार केलं. त्यातली मुख्य शिकवण चुकीनंतरच्या क्षणाबद्दल आहे. बॅकने चेंडू सोडला, समोरच्याने गोल केला. त्या पोराला आपण चुकलो हे सगळ्या गावाआधी कळलेलं असतं. ते त्याला ओरडून सांगायची गरज नसते. त्याला दोन गोष्टी हव्या असतात: अजून आपल्यावर विश्वास आहे ही खूण, आणि पुढच्या वेळी काय करायचं याचं एक वाक्य. 'आलास वेळेवर, चांगलं केलंस. पुढच्या वेळी एकदम झडप घालू नकोस, त्याला बाहेरच्या बाजूला ढकल. चल.' एवढंच. चूक झाल्यावर शिक्षा होते हे पोरांच्या मनात बसलं की ती चूक टाळत नाहीत, चेंडूच टाळतात. पास मागायचा नाही, आपल्या माणसाच्या मागे लपायचं, चेंडू आलाच तर डोळे मिटून लांब मारायचा. आपल्या शाळांच्या संघांत हा लांब मारायचा खेळ एवढा का दिसतो, याचं निम्मं उत्तर कडेला उभ्या असलेल्या सरांच्या आवाजात आहे असं माझं मत आहे.

म्हणजे सरांनी रागवायचंच नाही का? इथे एक गमतीशीर अभ्यास आडवा येतो. बॅरी स्टॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या हायस्कूल आणि कॉलेजच्या २३ बास्केटबॉल संघांची मध्यंतरातली ३०४ भाषणं ध्वनिमुद्रित केली आणि दुसऱ्या अर्ध्यातल्या कामगिरीशी ताडून पाहिली. हा अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. राग, नाराजी, कडक स्वर यांचा काही प्रमाणात फायदा झाला. दुसऱ्या अर्ध्यात संघ सुधारले. पण एका मर्यादेनंतर, म्हणजे आरडाओरडा टोकाला गेला की, कामगिरी घसरली. तेव्हा एरवी शांत असणारे सर मध्यंतरात एकदा 'हे आपलं खेळणं नाही' असं कडक आवाजात म्हणाले तर त्याला वजन येतं. रोज ओरडणाऱ्याचं ओरडणं पोरांच्या कानावरून लूमच्या खडखडाटासारखं निघून जातं.

मध्यंतराचं खरं गणित साधं आहे. दमलेल्या मुलाला पहिली दोन मिनिटं काहीही ऐकू येत नाही. आधी पाणी, बसू देणं, श्वास खाली येऊ देणं. मग एक गोष्ट, फार तर दोन. खाण्याच्या बाबतीत बुऱ्हाणपूरला देवाने झुकतं माप दिलंय. जगभरचे खेळाडू मध्यंतरात जे फळ खातात ते इथे शेतातून थेट येतं. एका मध्यम केळ्यातून शंभराच्या आसपास कॅलरी मिळतात, त्याही पचायला सोप्या. महागड्या रंगीत पेयाच्या बाटल्यांची गरज नाही, पाण्यात साखर-मीठ-लिंबू पुरतं.

इथवर बोलण्याबद्दल झालं. पण या वयातल्या मुलांच्या बाबतीत बोलण्याहून मोठी गोष्ट त्यांच्या शरीरात चाललेली असते, आणि तिच्याकडे लक्ष न दिल्याने जितके खेळाडू गळतात तितके शिव्यांनीही गळत नसतील.

मुलगे सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने उंच होतात. त्या काळात वर्षाला आठ-दहा सेंटिमीटर वाढ होते. पण 'सरासरी' या शब्दाच्या पोटात फार मोठी तफावत असते. कुणाची ही झेप बाराव्या वर्षी येते, कुणाची सोळाव्या. म्हणून नववीच्या एकाच वर्गात दाढी फुटलेला आणि आवाजही न फुटलेला असे दोघे शेजारी बसतात. जिल्ह्याच्या निवड चाचणीत कुणाची निवड होते? उंच, दांडग्या, लांब किक मारणाऱ्याची. दोन वर्षांनी बाकीचेही वाढतात, त्या दांडग्याचा फायदा संपतो. आणि तंत्र शिकायची त्याला तोवर कधी गरजच पडलेली नसते. तिकडे कौशल्य असलेला बुटका पोरगा सोळाव्या वर्षी उंच होतो तेव्हा तो मैदानावर नसतोच, कारण त्याला चौदाव्या वर्षीच 'तू अजून लहान आहेस' म्हणून परत पाठवलेलं असतं.

याच्याशी जोडलेली दुसरी गोष्ट जन्मतारखेची. १९८५मध्ये रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या आइस हॉकी खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या तेव्हा वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी दिसली. वयोगटाची मर्यादा १ जानेवारीला असली की जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळपास वर्षाने मोठा असूनही त्याच गटात खेळतो. पुढे अनेक देशांच्या फुटबॉलमध्येही हेच आढळलं. आपल्याकडे हा अभ्यास करायचा म्हटलं तर आधी निराळीच अडचण, शाळेच्या दाखल्यावर अर्धा वर्ग १ जूनला नाही तर १ जुलैला जन्मलेला असतो! वय चोरण्याची कीड तर जुनीच. म्हणून तर वयोगटांच्या स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात, आणि फिफाने १७ वर्षांखालच्या विश्वचषकात २००९पासून मनगटाचा एमआरआय सुरू केला.

वेगाने उंची वाढते तेव्हा आणखी एक होतं. हाडं आधी लांबतात, स्नायू आणि शरीराचा तोल मागून येतो. काल सहज चेंडू थांबवणारा पोरगा आज स्वतःच्याच पायात अडखळतो. त्याला वाटतं आपला खेळ गेला. सरांना वाटतं पोरगा मन लावत नाही. याच वयात गुडघ्याच्या वाटीखाली एक टेंगूळ येऊन दुखायला लागतं, किंवा टाच दुखते. स्नायूचा दोर हाडाच्या अजून कच्च्या टोकाला ओढत असतो, म्हणून. डॉक्टर पहिल्या दुखण्याला ऑसगुड-श्लाटर आणि दुसऱ्याला सेव्हर म्हणतात, मैदानावर दोन्हींना 'नाटक' म्हणतात. उड्या आणि धावणं काही काळ कमी केलं, दुखणं राहिलं तर डॉक्टरला दाखवलं, की बहुतेकांचं वाढ थांबल्यावर आपोआप शमतं. दर तीन महिन्यांनी भिंतीवर खूण करून सगळ्यांची उंची मोजणं, हा कुठल्याही शाळेला परवडणारा उपाय आहे. कोण सध्या झपाट्याने वाढतोय हे सरांना कळलं, आणि 'दोन-चार महिने तुझे पाय तुझं ऐकणार नाहीत, मग ऐकतील' एवढं त्यांनी त्याला सांगितलं, तर एक चांगला खेळाडू वाचतो.

सरावाकडे वळू. आपल्याकडचा नेहमीचा क्रम ठरलेला: मैदानाच्या चार चकरा, मग पीटी, मग रांगेत उभं राहून एकेकाने गोलवर किक मारायची, आणि शेवटी अंधार पडताना मॅच. हिशोब करून बघा. २२ पोरं, एक चेंडू, अर्ध्या तासाची मॅच. प्रत्येकाच्या वाट्याला चेंडू सव्वा मिनिटाच्या आसपास येतो, आणि तोही समान वाटला तर. प्रत्यक्षात चार बड्यांकडेच तो राहतो. तेवढीच पोरं चार विरुद्ध चार अशी लहान चौकटींत विभागली, गोलच्या जागी चपला ठेवल्या आणि तीन चेंडू दिले, की प्रत्येकाचा वाटा तिपटीच्या जवळ जातो. लपायला जागा राहत नाही. बचाव, हल्ला, पास, निर्णय सगळं प्रत्येकाला करावं लागतं. आणि मुख्य म्हणजे मजा येते. चकरा मारायला म्हणून कुणी संध्याकाळी पाचला घरून निघत नाही. चकरा ही शिक्षा म्हणून वापरणं तर आणखी वाईट, धावणं म्हणजे दंड असं एकदा डोक्यात बसलं की धावण्याच्या खेळात काय उरलं? शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी केली आहे, याचीही आठवण असलेली बरी.

लहान चौकटीतल्या खेळाचं सर्वांत जवळचं उदाहरण नागपूरचं. हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक असलेल्या विजय बारसे यांनी २००१मध्ये पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी झोपडपट्टीतली पोरं पाहिली आणि त्यांच्यासाठी फुटबॉलच्या स्पर्धा सुरू केल्या. त्यातून 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली. तिला २०१६मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला आणि नागराज मंजुळे यांचा 'झुंड' २०२२मध्ये त्याच कहाणीवर आला. या संस्थेची पोरं बेघरांच्या विश्वचषकात खेळली. ती स्पर्धा चौघा-चौघांची असते, छोटं मैदान, सात-सात मिनिटांचे दोन भाग. बारसे सरांची मला भावणारी गोष्ट म्हणजे ही पोरं आधीच खेळत होती हे त्यांनी पाहिलं. स्फूर्ती त्यांना द्यावी लागली नाही. चेंडू, वेळ आणि कुणीतरी आपल्याकडे बघतंय ही खात्री, एवढं लागलं.

मध्य प्रदेशातही असाच दाखला आहे, राज्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. शहडोलजवळचं विचारपूर हे आदिवासी गाव एकेकाळी अवैध दारूसाठी बदनाम होतं. फारशी साधनं हाताशी नसताना तिथे रईस अहमद या माजी राष्ट्रीय खेळाडूने मुलांना शिकवायला घेतलं. ३० जुलै २०२३च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी या गावाचा 'मिनी ब्राझील' म्हणून उल्लेख केला. तिथून राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरचे ४०हून अधिक खेळाडू निघाले आणि शहडोलच्या परिसरात १,२०० पेक्षा जास्त फुटबॉल क्लब उभे राहिले, असं त्यात सांगितलं गेलं. 'ब्राझील' हे बिरुद आपण जरा सढळ हाताने वाटतो हे खरं. पण एका गावात एकच प्रशिक्षक वीस-पंचवीस वर्षं टिकून राहिला की काय होतं ते विचारपुरात दिसतं. मोठी पोरं धाकट्यांना शिकवतात, धाकट्यांना 'आपल्यातलाच कुणी तिथवर गेला' हे डोळ्यांसमोर दिसतं. बदली होणाऱ्या सरांना हे जमवणं फार अवघड आहे, आणि तो दोष सरांचा नाही.

दुखापतींबद्दल थोडक्यात. फिफाने '११+' नावाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप तयार केलाय. थोडं धावणं, मग पोट-मांड्यांचे आणि तोलाचे व्यायाम, पुन्हा धावणं. साहित्य लागत नाही. नायजेरियातल्या लागोस शहरात १४ ते १९ वयाच्या मुलांवर त्याची चाचणी झाली. तो नियमित करणाऱ्या संघांत दुखापती सुमारे ४१ टक्क्यांनी कमी झाल्या. चार चकरा आणि पीटी यांच्या जागी हा घेतला तर वेळ तेवढाच जातो.

आता बक्षिसांचा गुंता. स्टॅनफर्डमधल्या बालवाडीत १९७३मध्ये मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रं काढायची आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं तर मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. ज्यांना काही न सांगता अचानक बक्षीस दिलं त्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. बक्षिसाची लालूच आधी दाखवली की आवडीचं काम मजुरी होऊन बसतं. शेजारच्या महाराष्ट्रात राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्यांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. ते मिळावेत, खेळणाऱ्या मुलाने घातलेला वेळ खराच असतो. पण सरांनी रोज त्या गुणांचं गाजर दाखवलं तर जिल्ह्यात हरल्याच्या दुसऱ्या दिवशी मैदान रिकामं होणार, कारण गाजर गेलं.

ईर्षेचंही तसंच आहे. फुटबॉलचं मराठी माहेर म्हणजे कोल्हापूर. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल अशी तालमींची आणि पेठांची नावं, शाहू स्टेडियमवर उसळणारी गर्दी. तिथल्या पोराला जर्सी मिळणं म्हणजे पेठेची अब्रू खांद्यावर येणं. ही आपलेपणाची ताकद फार मोठी, आणि ती कुठल्याही शिबिरात तयार करता येत नाही. पण तिच्यासोबत जो राडा येतो तोही कोल्हापूरकरांना चांगलाच ठाऊक आहे. याच शहरातला अनिकेत जाधव पुढे पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या स्पर्धेत ९ ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने हेडरवर गोल केला, विश्वचषकातला भारताचा पहिलाच. स्टेडियम उसळलं, पोरांनी एकमेकांना मिठ्या मारल्या आणि दोन मिनिटांच्या आत कोलंबियाने दुसरा गोल करून सामना नेला. सतरा वर्षांच्या मुलाला हार पचवायला शिकवतो आपण, आनंदातून लक्ष परत खेळावर आणायला शिकवत नाही. सरावात गोल झाल्याबरोबर पुढचा चेंडू लगेच आत टाकायचा, एवढ्यानेही ती सवय लागते.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या रोचेस्टर विद्यापीठातल्या दोघांनी माणसाच्या आतल्या ओढीचा अभ्यास करत तीन गरजा सांगितल्या: आपलं काही चालतं, आपल्याला काही जमतं आणि आपलं कुणी आहे. जमण्याबद्दल आणि आपलेपणाबद्दल वर बोललो. पहिल्या गरजेकडे आपल्या शाळांत साफ दुर्लक्ष होतं. सगळं सर ठरवतात. आठवड्यातून एक दिवस सरावाचा आराखडा पोरांनी करावा. कॅप्टन पोरांनी निवडावा, आणि तो सर्वांत चांगला खेळणाराच असला पाहिजे असं नाही. हरल्यावर 'काय चुकलं?' हे आधी त्यांनी सांगावं, मग सरांनी. आणि कुणाला बाहेर बसवायचं असेल तर आदल्या दिवशी त्याला बाजूला घेऊन कारण सांगावं, 'तुझा डावा पाय चालत नाही, त्यावर महिनाभर काम करू' असं. मॅचच्या सकाळी सगळ्यांसमोर यादी वाचायची आणि ज्याचं नाव नाही त्याने समजून घ्यायचं, हा प्रकार क्रूर आहे.

बुऱ्हाणपुरात या गरजांना स्थानिक रूपंही आहेत. रमजानच्या महिन्यात निम्म्या संघाचे रोजे असू शकतात. तेव्हा संध्याकाळी पाचचा कसून सराव ठेवून 'झेपत नसेल तर येऊ नका' म्हणणारे सर त्या पोरांना कायमचे गमावतात. त्या महिन्यात हलका सराव, किंवा सेटपीस आणि जागा धरण्याचं काम, आणि रोजा सुटायच्या बऱ्याच आधी सुट्टी. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तेव्हा सुट्टीनंतरचे पहिले दोन आठवडे जपून. आणि पाणी मागणाऱ्याला 'मॅचमध्ये कोण देणार?' असं विचारण्याची जुनी खोड सोडून द्यायची.

दहावीचं वर्ष ही सगळ्यांत मोठी खिंड. मध्य प्रदेशात बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात आणि दिवाळी झाली की घरून खेळ बंद होतो. इथे पोराला समजावून उपयोग नाही, सरांनी घरी जाऊन चहा प्यायचा असतो. 'काका, आठवड्यातून दोनच दिवस, एक तास. सातच्या आत घरी पाठवतो, जबाबदारी माझी.' शब्द दिला तर पाळायचा. सात म्हणजे सात. आई-वडिलांचा विरोध खेळाला क्वचितच असतो, वेळेचा भरवसा नसण्याला असतो.

हे सगळं करून शाळा जिंकायला लागेल का? विकासखंड, जिल्हा, इंदूर संभाग, राज्य अशी लांब शिडी आहे. वरच्या पायऱ्यांवर वसतिगृहं आणि गवताची मैदानं असलेले संघ भेटतात. त्यामुळे तसं वचन देणारा माणूस भाबडा तरी असतो किंवा काहीतरी विकत तरी असतो. स्मिथ आणि स्मॉल यांनी मोजमाप दुसरंच घेतलं. शिबिरातून गेलेल्या प्रशिक्षकांचे संघ आणि न गेलेल्यांचे संघ यांच्या जिंकण्या-हरण्यात फरक नव्हता. मग त्यांनी पुढच्या वर्षी कोण परत खेळायला आलं ते पाहिलं. नॅन्सी बार्नेट यांच्याबरोबरचा हा अभ्यास १९९२मध्ये छापून आला. शिबिर न केलेल्यांच्या संघांतली २६ टक्के मुलं खेळ सोडून गेली होती. शिबिर केलेल्यांच्या संघांतली ५ टक्के. ही मोजणी बुऱ्हाणपुरात करायला काही खर्च नाही. खेळाच्या कपाटात गेल्या वर्षीचं हजेरीचं रजिस्टर असतंच. जुलैत शाळा रुळली की ते काढायचं, आणि जी नावं परत आली नाहीत त्यांच्या घरी, निदान काहींच्या तरी, जाऊन यायचं.